पुढून उंच, मागून बसकं

होडीच्या इंजिनाचं फाउंडेशन मी स्पिरिट लेव्हल लावून अगदी सपाट केलं.

यात काय चुकलं हे ज्यांना कळलं नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मलाही महिनाभर कळलं नव्हतं, आणि माझा तर जन्म त्यातच गेलेला. सातपूरच्या कारखान्यांमधून मी चौतीस वर्षं मशिनी बसवल्या. लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर, एकदा तर बिस्किटांची भट्टी. खड्डा घ्यायचा, काँक्रीट भरायचं, बोल्ट सोडायचे, वर मशीन ठेवायचं आणि मशीनवर लेव्हल ठेवायची. लेव्हल म्हणजे काचेची बोटभर नळी आणि तिच्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध येऊन थांबला की चहा सांगायचा. ही लेव्हल घरीही माझ्या खिशात असायची. फ्रीज, कपाट, देवघर, सगळं मी बुडबुड्याला विचारून बसवलं. बायको पाहुण्यांना सांगायची, "यांना जेवायला वाढताना जपा. आमटी एका बाजूला गेली तर ताटाखाली पॅकिंग घालतात."

होडी सासऱ्यांची. गंगापूर धरणाच्या फुगवट्यापलीकडे बायकोचं माहेर. सासरे होते तोवर पलीकडच्या वस्तीचं दूध, भाजी, बाळंतिणी आणि वऱ्हाडं याच सागवानी होडीतून अलीकडे यायची. बायकोही माझ्याकडे आली ती यातूनच. तिची एक ट्रंक आणि तीन आत्या, त्यांतल्या ट्रंकेचंच वजन कमी होतं. पुढे लांबून वळसा घालून डांबरी रस्ता झाला, सासरे गेले, आणि होडी अलीकडच्या काठावर मेहुण्याच्या झेंडूच्या मळ्यात दोन ओंडक्यांवर चढून बसली. मेहुणा तिच्यात खताच्या रिकाम्या गोण्या ठेवायचा. एकदा कोंबडीनं तिच्यात पिल्लं काढली.

बायकोच्या आजाराचं निदान झालं आणि सलाइन सुरू झाली. दुसऱ्या सलाइननंतर मळ्यात बसलो असताना ती होडीकडे बघत म्हणाली, "मला एकदा पुढच्या दारानं घरी जायचंय."

मला आधी समजलं नाही. मग तिनंच समजावलं. माहेरचं घर पाण्याकडे तोंड करून आहे. ओटा, तुळस, रांगोळी, सगळं पाण्याच्या बाजूला. रस्ता मात्र मागून येतो, गोठ्याच्या अंगानं. "इतकी वर्षं मी माहेरी शेण चुकवत जातेय," ती म्हणाली. "लेक काय मागच्या दारानं येते? आई भाकरतुकडा ओवाळते तो म्हशींसमोर."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "इंजिन बसवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ."

तिनं माझ्या डाव्या हाताकडे नीट बघितलं.

आमचं कॅलेंडर तेव्हा वेगळं चालायचं. दर तीन आठवड्यांनी सलाइन. त्यानंतरचे पंधरा दिवस अंथरुणाचे. मग एक आठवडा ती उठायची, चहा करायची, माझी अक्कल काढायची. तो चांगला आठवडा. होडी त्या आठवड्यात तयार हवी, एवढाच हिशोब होता.

मेहुणा कामाला लागला. सडलेल्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस आणि डांबर भरलं. इंजिन पंपाचंच, एका सिलिंडरचं, ते मी खोलून परत बांधलं. राहिलं फाउंडेशन. होडीत ते काँक्रीटचं नसतं. तळाला लांबीच्या दोन लाकडी तुळया असतात आणि त्यांवर इंजिनाचे चार पाय बोल्टांनी आवळतात. जुन्या तुळया वर्षानुवर्षं डिझेल आणि पाणी पिऊन केकसारख्या मऊ झाल्या होत्या. काढल्या तेव्हा दिसलं की पुढच्या टोकाला त्या चांगल्या वीतभर उंच आहेत आणि मागे जेमतेम चार बोटं.

"बघ," मी मेहुण्याला म्हणालो, "मागून झिजल्यात. वजनानं बसल्यात."

"आसंल दाजी. तुमी इंजनेर मानूस."

मी आयटीआयचा फिटर. पण सासरवाडीत मला कोणी इंजिनिअर म्हटलं तर ते दुरुस्त करण्याची मला कधी घाई वाटली नाही.

त्या तुळया मी माप न घेता फोडल्या आणि मळ्यातल्या बंबात घातल्या. डिझेल प्यालेलं लाकूड ते, दिवाळी असल्यासारखं पेटलं. त्या पाण्यानं बायकोनं अंघोळ केली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबांच्या होडीचं ऊन पाणी. बरं वाटलं." मलाही बरं वाटलं. माप, नमुना आणि पुरावा, तिन्ही तासाभरात राख झालं होतं.

नव्या तुळयांसाठी निफाडकडून बाभळीचं जुनं, मुरलेलं लाकूड आणलं. सुतार शांत माणूस. रंधा हातात घेऊन त्यानं एकदाच विचारलं, "साहेब, पुढून-मागून सारखंच ठेवायचं?"

"मग काय उतार ठेवू?" मी म्हणालो. "ही काय मोरी आहे?"

त्यानं दोन्ही तुळया सारख्या रंधल्या. ओंडक्यांखाली दगड सारून मी आधी होडी लेव्हलला आणली, मग तुळया. बुडबुडा असा मधोमध बसला होता की मी मेहुण्याला बोलावून दाखवला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मशीन बसवण्याआधी फाउंडेशनला हळद लावायची, नारळ फोडायचा, आणि हळद लागलेलं फाउंडेशन पुन्हा फोडायचं नाही. मी वाटीत हळद कालवली आणि बायकोला म्हणालो, "तुझ्या हातानं." तिनं तळवा बुडवला आणि उजव्या तुळईच्या पुढच्या तोंडावर दाबला. औषधानं तिची नखं काळी पडली होती. पाच बोटं पिवळी उमटली, लग्नघराच्या भिंतीवर उमटतात तशी.

"सारखी आहेत का बघा तुमच्या बुडबुड्याला विचारून," ती म्हणाली.

आता चूक सांगतो. होडीचा पंखा मागे, पाण्याखाली असतो. इंजिन आत, वर असतं. दोघांना जोडणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, त्यामुळे मागे तिरका उतरतो. इंजिनालाही त्याच तिरक्या रेषेत, मागे रेलून बसावं लागतं. पोटभर जेवून भिंतीला टेकलेल्या माणसासारखं. जुन्या तुळया झिजल्या नव्हत्या. त्या तशाच घडवल्या होत्या. माझं इंजिन मात्र शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखं ताठ बसलं होतं, आणि जिथं इंजिन आणि शाफ्ट एकमेकांना भेटतात, तिथल्या दोन लोखंडी चकत्या खालून टेकल्या होत्या आणि वरून आ वासून होत्या.

ती फट मला दिसली होती. दिसली नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण चौतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो: बोल्ट आवळला की सगळं जागेवर येतं. मी लांब पाना घेतला, पाय लावला आणि फट मिटवली.

चांगल्या आठवड्यातला मंगळवार. होडी पाण्यात सोडली. बायकोनं हिरवी साडी नेसली होती, डोक्याला रुमाल, मांडीवर आईसाठी घेतलेला चिवडा. मेहुणा सुकाणूवर. इंजिन पहिल्या हँडलला सुरू झालं आणि मी मान वळवून बायकोकडे बघितलं. ती हसली. मग मी पंखा जोडला.

होडी अशी थरथरायला लागली की चिवड्याची पिशवी तिच्या मांडीवरून आपोआप सरकत निघाली. "अहो," ती म्हणाली, "माझे दात वाजताहेत. मला थंडी तर वाजत नाहीये."

"नवीन आहे. सुटेल थोडं चालल्यावर."

चालल्यावर सुटलं. पाव अंतर गेलो असू, तेवढ्यात खाड्-खाड् असे आवाज झाले, त्या दोन चकत्यांचे बोल्ट एकामागून एक तुटले, इंजिन मोकळं होऊन किंचाळायला लागलं आणि होडी जागच्या जागी उभी राहिली. मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. समोर माहेरचं घर स्पष्ट दिसत होतं. ओट्याखाली, पाण्याच्या कडेला, सासूबाई उभ्या होत्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात काहीतरी.

वारा उलटा होता. मेहुण्यानं बांबू काढला, पण पलीकडे रेटेना. होडी आपसूक अलीकडे सरकत होती. त्याचा मोबाइल वाजला. सासूबाई बोलतात तेव्हा फोनची खरं तर गरज नसते.

"तुकडा घेऊन उभी हाय मी. फिरले का रे?"

"दाजींचं लेव्हल चुकलं, माय," मेहुणा म्हणाला.

बायको बराच वेळ पलीकडे बघत राहिली. मी काठावर उतरल्या उतरल्या म्हणालो, "गाडी काढतो. तासाभरात पोचू." तिनं मान हलवली. "नको. गोठ्यातून नको आता. पुढच्या वेळी. तुम्ही ते नीट करा."

दुसऱ्या दिवशी होडी काठावर ओढून मी शाफ्ट काढला, त्याच्या नळीतून मासे धरायची तंगूस ओवली, एक टोक मागे बांधलं आणि दुसरं ताणून पुढे आणलं. तंगूस चढत चढत माझ्या सपाट तुळयांना सोडून वर गेली. पहिल्याच दिवशी करायचं, अर्ध्या तासाचं काम. मी तिथंच होडीत बसून राहिलो. मग बंबाकडे बघितलं.

उपाय सरळ होता. तुळया काढायच्या, नव्या घडवायच्या, पुढून उंच, मागून बसक्या. सुतार म्हणाला, "लाकूड आहे. चार दिवसांत देतो." मी नको म्हणालो. मी इंजिनाच्या पुढच्या पायांखाली लोखंडी पट्ट्यांची आणि लाकडी ठोकळ्यांची चळत घालायची ठरवलं. पॅकिंग. बायकोनं कारण विचारलं तेव्हा मी तिला धंद्याची रीत सांगितली. हळद लागलेलं फाउंडेशन फोडत नाहीत.

खरं कारण वेगळं होतं. मला तिचा हात तिथून काढायचा नव्हता.

तिला ते कळलं असावं. तिला सगळंच कळायचं. ती खाटेवर बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, हात माझाच आहे ना? इथंच आहे अजून. काढा त्या तुळया. दुसऱ्या बसवा, दुसरा उमटवते."

मी म्हणालो, "बघू."

माझ्या सगळ्या चुकांचा मी मोठा रसाळ इतिहास सांगू शकतो. एकदा मी प्रेस मशीन दारातून आत नेण्याआधी दाराची भिंत बांधून दिली होती. मालेगावात लूम बसवायला गेलो तेव्हा रात्रभर राबून शेजाऱ्याच्या शेडमध्ये बसवून आलो. हे किस्से मी लग्नाकार्यांत सांगतो आणि लोक हसतात. "बघू" हा शब्द मात्र मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

पुढच्या सलाइनचे वाईट दिवस मी पॅकिंग करण्यात घालवले. चांगला आठवडा आला. या वेळी तिला बसवण्याआधी मी आणि मेहुण्यानं दोघांनीच चाचणी घेतली. इंजिन त्या चळतीवर तापल्या तव्यावरच्या लाहीसारखं उडत होतं. काठापासून पन्नास पावलांवर एक ठोकळा निसटला, इंजिन कलंडलं आणि पट्ट्या एकेक करून तळात पडल्या.

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "दाजी," तो म्हणाला, "ताई काठावरनं बघून राह्यली. हसा जरा."

मी हसलो. ती झेंडूच्या बांधावर खुर्चीत बसली होती. तिनं हात वर केला.

त्याच संध्याकाळी मी सुताराला फोन केला. पण लाकूड तोवर त्यानं दुसऱ्या कुणाच्या चौकटींना वापरलं होतं. नवं यायला पंधरा दिवस लागले. मधे पुढची सलाइन होती.

त्या सलाइननंतर चांगला आठवडा आला नाही. छातीत पाणी झालं. आडवं झालं की श्वास कोंडायचा. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खाट डोक्याकडून उंच करा. मी खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या. एकेक घालायचो आणि तिला विचारायचो, "आता?" ती नाही म्हणायची. तिसऱ्या विटेला तिनं डोळे मिटून मान हलवली. मी मागे सरकून बघितलं. पुढून उंच, मागून बसकं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी मुद्दाम तिरकं बसवलं होतं, आणि लेव्हल न लावता.

"जमलं की तुम्हाला," ती म्हणाली.

पाच दिवसांनी ती गेली. सासूबाई शेवटचे दोन दिवस आमच्याकडेच होत्या, फ्लॅटमध्ये, खाटेच्या पायाशी. त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत, आणि मीही त्यांच्याशी बोलण्यासारखं काही केलं नव्हतं.

होडीला मी पुढे पाच-सहा महिने हात लावला नाही. तुळया करून सुतारानं मळ्यात आणून ठेवल्या होत्या. मेहुणा दर रविवारी फोन करायचा, झेंडूचा भाव सांगायचा आणि ठेवायचा. एकदा भाव सांगून झाल्यावर म्हणाला, "ताई मला सांगून गेलेली. दाजींना ते काम पुरं करायला लाव, न्हाय तर घरात बसून फ्रीज लेव्हल करत बसतील."

मी तेव्हा खरोखरच फ्रीजजवळ बसलो होतो.

जुन्या तुळया काढताना डावी सहज निघाली. उजवीचे बोल्ट मी हातानं फिरवले, पाना न लावता, जमतील तेवढे. ती तुळई मी घरी आणली. गॅलरीत भिंतीला टेकवून उभी आहे. हळदीची तीन बोटं अजून दिसतात. बाभूळ काळी पडत जाते, त्यामुळे बाकीची दोन आहेत की मला सवयीनं दिसतात, हे सांगता येत नाही.

नव्या तुळया तंगुशीच्या रेषेत बसवल्या. इंजिन ठेवलं, पण बोल्ट आवळले नाहीत. होडी आधी पाण्यात सोडली, एक रात्र तशीच राहू दिली, कारण पाण्यात गेल्यावर लाकूड आपलं अंग जरा बदलतं. हेही मला सुतारानं सांगितलं, आणि या वेळी मी ऐकलं. सकाळी चकत्यांमधली फट चारी बाजूंनी पातळ पत्ती घालून मोजली. वर-खाली, डावी-उजवी, सगळीकडे सारखी. मग बोल्ट. हळद मेहुणा घेऊन आला होता. मी वाटी तशीच ठेवली. त्यानंही आग्रह केला नाही.

इंजिन सुरू केलं, पंखा जोडला. स्टीलचा पेला मी आधी तुळईवर ठेवला आणि मग मावेल तेवढा भरला होता. पेला कललेला होता, पाणी एका बाजूच्या काठाला टेकलेलं. पण पलीकडे जाईपर्यंत त्यातला थेंब सांडला नाही. मेहुणा सुकाणूवर. मधल्या फळीवर कोणी नव्हतं. त्या होडीत मधे कोणी नसलं की अंग नकळत पुढेमागे सरकून तोल सांभाळायला बघतं.

काठावर सासूबाई उभ्या होत्या. एका हातात तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. मी खाली उतरायला गेलो तर त्यांनी हातानं थांबवलं. होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, मग मेहुण्यावरून, मग माझ्यावरून तुकडा ओवाळला आणि पाण्यात लांब फेकला. तांब्यातलं पाणी काठावर ओतलं. मग पदर खोचून स्वतःच होडीत चढल्या. वय ऐंशीच्या पुढे. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही.

इंजिनापाशी वाकून त्यांनी तुळईवर तळवा ठेवला आणि पुढून मागे सावकाश फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"आसंच व्हतं," त्या म्हणाल्या. "म्होरं उच्च, मागं बसकं."

मी म्हणालो, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"लगीन झाल्यापून त्याच्यावर पाय ठिवून बसत आले. मला नाय तर कोनाला माहीत?"

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी तळवा पदराला पुसला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे, जिथं लेव्हल होती.

"जावईबापू, सुतारानं इचारलं तर त्याला गप केलं. लेक काढा म्हनली, तर तिचं ऐकलं नाय. मला तर इचारलंच नाय. घरात येवढी मान्सं आसताना तुमी त्या नळीतल्या बुडबुड्याला इचारत बसले."